पत्र्याचे पंख

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात मोटारगाडीची समीक्षा कशासाठी, असा प्रश्न काही वाचक विचारतील आणि तो अगदीच गैरवाजवी आहे असे आम्ही म्हणणार नाही. समीक्षा ग्रंथाची करावी, नाटकाची करावी, फार तर एखाद्या चित्राची वा वास्तूची करावी, ही आपल्याकडची रूढ समजूत. यंत्राच्या वाट्याला माहितीपत्रक येते, नाही तर निषेध. तथापि जी वस्तू माणसाने विचारपूर्वक घडवली, जिच्या रूपावर उपयोगाला लागतात त्याहून अधिक श्रम खर्च केले आणि जी पाहण्यासाठी साठ-पासष्ट वर्षांनंतरही रस्त्यावरची माणसे थबकतात, ती समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण आम्हांला सापडत नाही. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ याने १९५०च्या दशकात सित्रोएन कंपनीच्या एका नव्या गाडीवर लेख लिहिला आणि मोटारगाडीची तुलना थेट गॉथिक कॅथीड्रलांशी केली. दोन्हींचे कारागीर अनामिक असतात आणि दोन्ही वस्तू त्यांचा वापर न करणाऱ्यांच्याही मनात घर करतात, हा त्याच्या म्हणण्याचा आशय. कॅथीड्रलाशी बरोबरी आम्हांला थोडी जास्तच वाटते. परंतु गाडी न चालवणाऱ्याच्या मनातही गाडी उभी असते, हे मात्र खरे आहे. आम्ही स्वतः त्याचे उदाहरण आहोत. आम्हांला आजतागायत गाडी चालवता येत नाही.

आमचा विषय आहे १९५७ सालची शेव्हरोले बेल एअर ही अमेरिकन गाडी. १९५५, १९५६ आणि १९५७ या तीन वर्षांच्या शेव्हरोले गाड्या एका घराण्याच्या मानल्या जातात. त्यांतली ही शेवटची आणि सर्वांत लोकप्रिय. जुन्या अमेरिकन गाडीचे चित्र डोळ्यांसमोर आणा म्हटले, तर जगभर कित्येकांच्या डोळ्यांसमोर हीच येते. हे आकर्षण एवढे का टिकले, हा आमचा प्रश्न. त्याचे उत्तर आम्हांला अमेरिकेविषयीच्या पुस्तकांत मिळाले नाही. ते उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधल्या एका पत्र्याच्या छपराखाली मिळाले, आणि तेही आमच्या हातून एक चूक घडल्यानंतर.

उल्हासनगरविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी छावणी उभारली गेली. युद्ध संपले, बॅरेकी ओस पडल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना तेथे वसवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. नाव बदलले तरी कॅम्पचे आकडे गेले नाहीत. येथे आजही माणूस आपला पत्ता कॅम्प नंबराने सांगतो. रिकाम्या हाताने आलेल्या या माणसांनी जे हाती लागेल ते बनवायला आणि विकायला सुरुवात केली, आणि परदेशी मालासारखा हुबेहूब माल बनवण्याची या गावाची ख्याती झाली. ‘मेड इन यूएसए’ या शिक्क्यातील यूएसए म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद ऐकला नाही असा माणूस मध्य रेल्वेच्या डब्यात सापडणे कठीण. या विनोदात थोडे कौतुक आहे आणि पुष्कळशी तुच्छता आहे. अस्सल ते दुसरीकडे, येथे फक्त नक्कल, असा त्याचा ध्वनी आहे. अशा गावात अस्सल अमेरिकन गाडीचे आयुष्य गेले, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

कॅम्प नं. ३ मध्ये आमची नेमणूक झाली तेव्हा स्टेशनच्या बाजूच्या एका गल्लीतील गॅरेजात ही गाडी आम्ही प्रथम पाहिली. एका सिंधी व्यापारी कुटुंबाची ती होती. शेठजींच्या वडिलांनी ती फार पूर्वी मुंबईत कोणा परदेशी साहेबाकडून विकत घेतली होती. रंग फिका निळा, छप्पर पांढरे, स्टिअरिंग डावीकडे. गॅरेजचे मिस्त्री नगर जिल्ह्यातून आलेले, आमच्याच धर्मग्रामातले. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणत असे. आम्हीही म्हणू लागलो. रविवारच्या मिस्सानंतर चहासाठी म्हणून आम्ही तेथे टेकत असू आणि गाडीकडे पाहत असू. पुढे पुढे गाडी पाहणे हेच निमित्त उरले.

आता त्या रूपाचा विचार करू. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये कलाकृतीच्या घटकांतील संबंधांना लय म्हटले आणि तिची तीन तत्त्वे सांगितली: संवाद, विरोध आणि समतोल. ही तत्त्वे त्यांनी मोटारगाडीसाठी सांगितली नव्हती, हे उघड आहे. परंतु ती लावून पाहिली असता बेल एअरचे रूप उलगडते. पुढच्या दिव्यावर भुवईसारखी एक टोपी आहे. तिच्यापासून निघालेली रेषा दाराच्या वरच्या कडेने मागे जाते, मध्ये किंचित खाली झुकते आणि शेवटी शेपटीवरच्या उभ्या पंखात वर उचलली जाऊन संपते. पाच मीटरांहून थोडी अधिक लांबी असलेला हा पत्रा एका रेषेने बांधला गेला आहे, हा संवाद. गाडीचे तोंड आडवे, रुंद, सोनेरी जाळीचे, गोलाईने भरलेले. शेपटी मात्र उभी, धारदार, टोकेरी. हा विरोध. आणि या दोन टोकांचे भांडण मिटवण्यासाठी मागच्या बाजूला चंदेरी ॲल्युमिनियमची एक निमुळती पट्टी बसवली आहे. पुढे ती बारीक रेघ असते आणि मागे जाता जाता रुंद होते. पुढच्या जड बंपरचा भार आणि मागच्या पंखांचा उठाव यांची तोलामापी या एका पट्टीने साधली आहे, हा समतोल. बॉनेटच्या मधोमध एखादे ठळक शोभाचिन्ह ठेवण्याचा मोह तेव्हाच्या बहुतेक गाड्यांना होता. येथे मध्य मोकळा ठेवून दोन बाजूंना दोन लांबट भालेवजा उंचवटे दिले आहेत. त्यामुळे नजर मध्यावर अडकत नाही, कडेने मागे वाहते.

एक खुबी लहान मुलांना फार आवडे. या गाडीत इंधन कोठून भरायचे ते बाहेरून दिसत नाही. डाव्या पंखाच्या मागच्या कडेला जी चकचकीत पट्टी आहे, तिचाच एक तुकडा दारासारखा उघडतो आणि आत टाकीचे तोंड असते. उपयोगाची वस्तू शोभेत लपवण्याचा हा प्रकार रसिकतेचा म्हणावा की लपवाछपवीचा, हा प्रश्न आम्ही मनात ठेवला. पुढे तो वेगळ्याच रीतीने आमच्यासमोर आला.

रूप झाले; आता जन्मकथा. समीक्षकाने कलाकृतीच्या जन्माची चौकशी करू नये असे एक मत आहे. पण येथे ती टाळता येत नाही, कारण ती रूपाच्या विरुद्ध साक्ष देते. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी १९२०च्या दशकात दरवर्षी गाडीचे रूप बदलण्याची पद्धत रुजवली. गाडी झिजली म्हणून नव्हे, तर ती जुनी दिसू लागली म्हणून माणसाने नवी घ्यावी, हा त्यामागचा हिशेब. त्यासाठी १९२७मध्ये कंपनीत रूपरचनेचा स्वतंत्र विभाग निघाला आणि तो हार्ले अर्ल यांच्या हाती आला. शेपटीवरचे पंख ही याच विभागाची देणगी. महायुद्धात लॉकहीड कंपनीचे पी-३८ हे दुहेरी शेपटीचे लढाऊ विमान अर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले आणि त्या शेपटीची छाया १९४८च्या कॅडिलॅक गाडीवर उमटली. तेथून हे पंख दरवर्षी वाढत गेले. म्हणजे बेल एअरचा पंख आणि कॅम्प नं. ३ची बॅरेक ही दोन्ही एकाच महायुद्धाची अपत्ये आहेत. एकाला विमानाचा आकार मिळाला, दुसरीला निर्वासितांची वस्ती. दोघांनाही नागरी जीवनात आपले स्थान शोधावे लागले.

गंमत अशी की १९५७ची बेल एअर ही कंपनीच्या दृष्टीने नव्या कल्पनेची निर्मिती नव्हतीच. तिचा मूळ सांगाडा १९५५चा. नवे रूप वेळेत तयार होऊ शकले नाही, म्हणून जुन्याच देहाला नवे तोंड आणि नवी शेपटी देऊन आणखी एक वर्ष काढण्यात आले. प्रतिस्पर्धी फोर्डने त्याच वर्षी संपूर्ण नवी गाडी आणली आणि त्या मॉडेलवर्षाच्या विक्रीत शेव्हरोलेला मागे टाकले. पुढच्या वर्षी बेल एअरचे रूप पार बदलले. जिला आज अभिजात म्हणतात, ती अशी वेळ मारून नेण्यासाठी केलेली डागडुजी होती आणि तिचे नियोजित आयुष्य बारा महिन्यांचे होते.

दोषही सांगितले पाहिजेत. केवळ स्तुती ही समीक्षा नव्हे. हे पंख गाडीला उडवत नाहीत, वळवत नाहीत, वाऱ्यात स्थिरही करत नाहीत. जे सामर्थ्य वस्तूत नाही त्याचा आभास ते निर्माण करतात. अलंकारशास्त्राच्या भाषेत ही केवळ उत्प्रेक्षा आहे: जणू हे विमानच. उत्प्रेक्षेला कवितेत जागा आहे. परंतु जेथे माणसांचे जीव बसतात, तेथे आभास आणि वास्तव यांतले अंतर घातक ठरते. त्या काळच्या गाड्यांत कमरेचा पट्टा हा ऐच्छिक प्रकार होता आणि स्टिअरिंगचा न दबणारा दांडा चालकाच्या छातीवर रोखलेला असे. २००९मध्ये अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने १९५९ची बेल एअर आणि २००९ची शेव्हरोले मॅलिबू या दोन गाड्यांची ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर टक्कर घडवली. नव्या गाडीतील बाहुला पायाच्या किरकोळ दुखापतीवर सुटला. जुन्या गाडीत चालकाची जागाच चेपून गेली. जाड पत्रा म्हणजे भक्कम गाडी, हा जुन्या माणसांचा आवडता दावा त्या दिवशी निकालात निघाला. ‘पूर्वीच्या वस्तू मजबूत होत्या’ असे म्हणताना आपण मजबुती आणि जडपणा यांची गल्लत करतो, हे लक्षात ठेवावे.

रूप सुंदर, हेतू व्यापारी, पंख खोटे, आसन असुरक्षित. मग आकर्षण टिकले कशावर? स्मरणरंजन हे उत्तर नेहमी दिले जाते. अमेरिकेपुरते ते खरे असेल. तेथे ज्यांच्या तारुण्यात ही गाडी होती, त्यांना ती आपल्या तारुण्याची आठवण देत असणार. परंतु आपल्याकडे हे उत्तर लागू पडत नाही. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता. पण देशातच उत्पादन करणाऱ्यांनाच वाव देण्याचे धोरण ठरल्यावर १९५४च्या सुमारास तो बंद झाला. १९५७ची बेल एअर त्यामुळे येथे जुळवलीच गेली नाही. ती आली ती संस्थानिक, उद्योगपती, सिनेनट आणि वकिलाती यांच्याबरोबर, हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. जी गाडी आपल्या वडिलांनी, आजोबांनी कधी चालवली नाही, तिच्याविषयी आपण कोणत्या स्मृतीने हळवे होणार? तरीही मुंबईत हॉर्निमन सर्कलहून जुन्या गाड्यांचा मेळावा निघतो तेव्हा अमेरिकन गाड्यांभोवती सर्वाधिक गर्दी असते आणि त्या गर्दीत विशीतली मुलेमुली असतात. प्रतिष्ठा हेही उत्तर अपुरे आहे. प्रतिष्ठेची वस्तू नवी आली की जुनी मागे पडते. ही पडली नाही.

आपल्या परिचयाच्या एका उदाहरणाकडे वळल्यास वाट थोडी स्पष्ट होईल. अमेरिकन पंखांची साथ युरोपातही गेली. इटलीच्या फियाट कंपनीने १९५७मध्ये ग्रानलुचे नावाची गाडी काढली, तिच्या शेपटीला लहानसे पंख होते. तोच देह पुढे फियाट अकराशे-डीला मिळाला, आणि वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तिचे भारतीय रूप तयार होऊ लागले. १९७०च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डिकीच्या दोन्ही कडांना जे बारीक उंचवटे होते, ते म्हणजे हार्ले अर्ल यांच्या पंखांचे दूरचे, गरीब नातेवाईक. अमेरिकेत हे पंख १९६०च्या दशकाच्या आरंभी गळून पडले. मुंबईच्या टॅक्सीवर मात्र ते ऑक्टोबर २०२३पर्यंत टिकले. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे त्यानंतर पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावर राहिली नाही. एका हंगामाची फॅशन साठ वर्षे कोणी चालवली? तिच्या रचनाकारांनी नव्हे. ती चालवली टॅक्सीवाल्यांनी आणि त्यांच्या मिस्त्रींनी, कारण दुसरी घेण्याची ऐपत नव्हती.

हेच क्यूबात घडले. १९५९च्या क्रांतीनंतर आणि पाठोपाठ आलेल्या अमेरिकन व्यापारबंदीनंतर तेथे नव्या अमेरिकन गाड्या आणि त्यांचे सुटे भाग येणे थांबले. जी गाडी होती ती तशीच ठेवणे भाग पडले. रशियन इंजिने बसवली गेली, पट्ट्या हाताने घडवल्या गेल्या, आणि हवानाच्या रस्त्यांवर बेल एअर आजही भाडे मारते. यातून आमचा सिद्धान्त असा: या गाडीचे सौंदर्य कारखान्यात अर्धेच घडले. वर्षभरात शिळे व्हावे म्हणून जे रूप आखले गेले, त्याला शिळे होऊ न देणाऱ्या हातांनी उरलेले अर्धे घडवले. आपल्याला तिच्यात जे भावते ते केवळ रेषेचे वळण नव्हे. टाकून देण्यासाठी बनवलेली वस्तू कोणी तरी टाकून दिली नाही, हे आपल्याला तिच्या प्रत्येक चकचकीत पट्टीत, आपल्या नकळत, दिसत असते.

हा सिद्धान्त आज आम्ही ठामपणे मांडतो आहोत. परंतु तो आम्हांला वेळेवर सुचला नाही, आणि हे सांगितल्याशिवाय लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

गॅरेजमधल्या त्या गाडीचा डावा पंख मूळचा नव्हता. फार पूर्वी एका ट्रकने गाडीला मागून ठोकरले आणि तो पंख, आतल्या झाकणासह, चेपून गेला. अमेरिकेतून पत्रा मागवण्याची तेव्हा सोय नव्हती. मामांनी उजव्या पंखावरून पुठ्ठ्याचा नमुना कापला, तो उलटा केला आणि लाकडी ओंडक्यावर पत्रा ठोकून ठोकून डावा पंख तयार केला. झाकणासाठी कपाटाची छोटी बिजागरी बसवली. इंधनाचे ते गुप्त दार पूर्वीसारखेच उघडू लागले. हे करायला त्यांना दोन महिने लागले. पुढे मूळ इंजिन संपले, तेव्हा त्यांनी एका टेम्पोचे डिझेल इंजिन आत बसवले. बॉनेटवरचे सोनेरी ‘व्ही’ अक्षर, जे मोठ्या आठ सिलिंडरच्या इंजिनाचे चिन्ह आहे, ते कोणी काढले नाही. मामा आल्यागेल्याला सांगत, “उजवा पंख गाडीचा हाय, डावा माझा.” नीट पाहणाऱ्याला फरक कळत असे. डावा पंख टोकाशी किंचित अधिक उभा होता.

काही वर्षांपूर्वी शेठजींचा मुलगा गाडीला तिचे मूळ रूप देण्याच्या विचारात पडला. आता काळ बदलला होता. आज अमेरिकेत १९५७च्या बेल एअरचा सुटा पत्राच काय, संपूर्ण देह नवा कोरा घडवून मिळतो. मुलाने डावा पंख मागवायचे ठरवले. मामांचे म्हणणे होते की इंजिन पाहिजे तर बदला, पंखाला हात लावू नका. मुलगा समंजस, वडिलांच्या काळच्या मिस्त्रीचे मन मोडू नये म्हणून त्याने आमचे मत विचारले. फादर शिकलेले आहेत, ते सांगतील ते दोघेही ऐकू, असे ठरले.

आणि आम्ही सांगितले. सेमिनरीत शिकलेले संत थॉमस अक्वायनस आमच्या कामी आले. सौंदर्याला तीन गोष्टी लागतात असे त्यांनी ‘सुम्मा’त म्हटले आहे: पूर्णता, प्रमाणबद्धता आणि तेज, ज्यात काही उणे असते ते त्या उणेपणामुळेच कुरूप ठरते. आम्ही त्या दोघांना हे मराठी-हिंदीत समजावून दिले. दोन पंख सारखे नाहीत, म्हणजे प्रमाण बिघडले. मूळ अवयव नाही, म्हणजे पूर्णता नाही. निर्णय साधा होता. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी हात पुसले आणि चहा सांगितला.

नवा पंख आला, बसला. रंग इतका बेमालूम झाला की दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या दिसू लागल्या. गाडी गॅरेजबाहेर काढली तेव्हा गल्लीतली माणसे जमली, आणि आम्हीही पाहिले. काहीही उणे नव्हते, आणि तरीही आमची नजर तिच्यावर पूर्वीसारखी खिळेना. ही गाडी आता कोठलीही असू शकली असती. कॅम्प नं. ३ची अशी तिच्यात एकही खूण उरली नव्हती. तीन-चार आठवडे आम्ही गॅरेजाकडे गेलो नाही. गेलो तेव्हा मामांनी पूर्वीसारखेच स्वागत केले, पण कोणी गाडीविषयी विचारले तर ते आता एवढेच म्हणत, “शेठची हाय.”

आमचे कोठे चुकले हे शोधण्यासाठी आम्ही ‘सुम्मा’तील तो उतारा पुन्हा उघडला, आणि आम्ही तो अर्धाच वापरला होता असे आढळले. सौंदर्याच्या तीन अटी सांगून झाल्यावर थॉमस लगेच पुढे म्हणतात की एखादी प्रतिमा मूळ वस्तूचे यथार्थ दर्शन घडवत असेल, तर ती वस्तू कुरूप असली तरी त्या प्रतिमेला आपण सुंदर म्हणतो. सेमिनरीच्या परीक्षेत आम्ही तीन अटी पाठ केल्या होत्या; हे पुढचे वाक्य आम्ही सोडून दिले होते. आता प्रश्न उभा राहतो: गाडी कशाची प्रतिमा? नव्या पंखाची गाडी कारखान्यातून बाहेर पडलेल्या एका दिवसाची प्रतिमा आहे. मामांच्या पंखाची गाडी तिने जगलेल्या पासष्ट वर्षांची प्रतिमा होती: ट्रकची ठोकर, न मिळणारा पत्रा, पुठ्ठ्याचा नमुना, दोन महिने, कपाटाची बिजागरी. यथार्थता ही कसोटी मानली, तर उणेपणा मामांच्या पंखात नव्हता. तो आमच्या वाचनात होता. ज्या गाडीला मुळातच घाईघाईने नवी शेपटी चिकटवून बाजारात आणले गेले, तिच्या बाबतीत ‘मूळ’ या शब्दाचा एवढा बाऊ आम्ही करावा, हेही विनोदी होते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मग नकलेलाही सौंदर्य म्हणायचे काय? खोट्या शिक्क्याच्या मालाचे समर्थन करायचे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि भेद असा आहे. खोट्या शिक्क्याची वस्तू आपला जन्म लपवते. ती पाहणाऱ्याला फसवण्यासाठी बनलेली असते. मामांनी आपला पंख कधी लपवला नाही. कोणता गाडीचा आणि कोणता आपला हे ते स्वतः सांगत होते. या कसोटीवर विमान नसताना विमानाचा आव आणणारा कारखान्याचा पंख अधिक नकली ठरतो आणि त्याच्या शेजारचा हाताने ठोकलेला पंख अधिक अस्सल. तो स्वतःविषयी एकच गोष्ट सांगत होता, की ही दुरुस्ती आहे; आणि ते खरे होते. उल्हासनगरच्या विनोदावर हसताना आपण हा भेद विसरतो. या गावाने नकला केल्या असतील. पण सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी मोडलेल्यातून पुन्हा संसार उभे केले, हे येथले मूळ काम होय. त्याला नक्कल म्हणता येत नाही.

आता समारोप. १९५७च्या बेल एअरविषयी आमचे मत असे: तिची घडण पहिल्या प्रतीची आहे, तिच्यामागची कल्पना उसनी आहे, तिचा हेतू क्षुद्र आहे, आणि सुरक्षिततेच्या बाबतीत ती अक्षम्य आहे. तरीही ती टिकेल असे आम्हांला वाटते. अभिजात कलाकृतीची व्याख्या काळाच्या कसोटीवर उतरणारी अशी केली जाते. आम्ही त्यात एवढीच भर घालू की काळाच्या कसोटीवर वस्तू एकटी उतरत नाही. तिला कोणी तरी हाताला धरून उतरवते. ग्रंथाला वाचक आणि नकलाकार टिकवतात, मंदिराला गवंडी टिकवतो, गाडीला मिस्त्री. त्यांची नावे कोणत्याही सूचीत येत नाहीत.

मामांचा पंख भंगारात गेला नाही. त्यांनी तो गॅरेजच्या दारावर आडवा ठोकला आहे; पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी निथळते आणि दाराशी उभा राहणारा भिजत नाही. ज्या अवयवाला सबंध मोटारीच्या इतिहासात कधी काही काम नव्हते, त्याला कॅम्प नं. ३ मध्ये ते मिळाले. झाकण अजूनही उघडते. कामावरच्या पोराने आत बिड्यांचे बंडल ठेवलेले आम्ही परवा पाहिले आणि पाहिले नाही असे केले.

हा लेख छापून आल्यावर तो मामांना वाचून दाखवण्याचे आम्ही ठरवले आहे. थॉमसचा तो उतारा आम्ही त्यांच्यापुढे अर्धाच वाचला होता. राहिलेले वाक्य त्यांना ऐकवणे आमच्याकडे बाकी आहे.